काळ्या पाण्याचे गोत्र

नाशिकास यात्रेकरिता येणाऱ्या मनुष्यास गोदावरीच्या स्नानाइतकेच दुसऱ्या एका गोष्टीचे कुतूहल असते, व ती म्हणजे तीर्थोपाध्यायांची वही. यात्रेकरूने गाव व आडनाव सांगावे, उपाध्यायांनी कापडात बांधलेले लांबट बाड सोडावे, आणि पानांवरून उतरत चाललेले त्यांचे बोट एकाएकी एका ओळीवर थांबावे. यात्रेकरूचे पणजोबा अमुक सिंहस्थात येथे येऊन गेले. बरोबर दोघे बंधू होते. हा त्यांचा हस्तलेख. ज्याने पणजोबांचे चित्रही कधी पाहिलेले नसते त्याचा कंठ त्या वेड्यावाकड्या अक्षरांपुढे दाटून येतो. रामकुंडावर हे दृश्य नित्याचे आहे, आणि तरीही ते पाहताना आमचे मन प्रत्येक वेळी हलते. आपण कोठून आलो हे मनुष्यास कळावेसे वाटते, आणि जेथून आलो ती जागा मानाची असावी असेही वाटते. या दोन इच्छा सहसा जोडीने चालतात. म्हणून त्या दोन आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही.

त्या एकमेकींपासून फुटतात त्या प्रसंगाचा आम्हांस येथे विचार करावयाचा आहे. समजा, जुने कागद चाळता चाळता एखाद्यास आपल्या घरातील अशी एक स्त्री सापडली, की जिचे नाव उपाध्यायांच्या वहीत नाही, घरातील कोणा वृद्धाच्या तोंडी नाही, पण सरकारी दप्तरात मात्र स्वच्छ लिहिलेले आहे; आणि त्या नावापुढे गुन्हा लिहिला आहे व गुन्ह्यापुढे शिक्षा लिहिली आहे: जन्मठेप, काळे पाणी. अशा पूर्वजेचे त्याने काय करावे? तिला घरात घ्यावी, की कागद होता तसा घडी घालून ठेवावा?

नाशिकात हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. काळे पाणी हा शब्द या शहरात खालच्या आवाजात कोणी उच्चारीत नाही. भगूर येथून जवळच आहे. बाबाराव सावरकरांस काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरास विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला. त्या प्रकरणी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तिघे तरुण १९१० च्या एप्रिलात ठाण्यास फासावर गेले, आणि विनायकराव सावरकर १९११ च्या जुलैत अंदमानास पोहोचले. पतीची पुन्हा गाठ पडण्यापूर्वीच येसूवहिनी वारल्या, त्यांचीही आठवण येथे आदराने निघते. ज्या घरातील पुरुष त्या काळी त्या बेटावर गेला त्या घराच्या बैठकीत त्याची तसबीर असते, आणि पाहुण्यास ती मुद्दाम दाखविली जाते. हे योग्यच आहे. परंतु त्याच बेटावर, त्याच शब्दाने सांगितलेली शिक्षा भोगण्याकरिता, या पुरुषांच्या आधी अर्धे शतक याच महाराष्ट्रातील बायका जाऊ लागल्या होत्या. त्यांची तसबीर कोठे आहे? राजकीय बंदिवानाने ‘माझी जन्मठेप’ लिहिली. या बायकांच्या हाती लेखणी कधी आलीच नव्हती.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या ठिकाणी नेहमी पुढे केले जाते. १७८८ पासून १८६८ पर्यंत ब्रिटिश राज्यकर्त्यांनी तेथे सुमारे एक लक्ष बासष्ट हजार बंदिवान नेऊन सोडले, त्यांत सुमारे पंचवीस हजार स्त्रिया होत्या. त्यांच्या वंशजांनी प्रथम तो डाग लपविला, आणि पुढे काही पिढ्यांनी तोच पदकासारखा मिरविण्यास आरंभ केला. होबार्ट येथील ज्या कारखानावजा तुरुंगात त्या स्त्रियांस कोंडीत असत, त्याच्या भिंती २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आम्हांस या बदलाचे कौतुक आहे, पण त्याचे मोल आम्ही फार मानीत नाही. भुकेपोटी वस्त्र किंवा भाकरी चोरणाऱ्या पणजीस क्षमा करण्यास वंशजाला काही द्यावे लागत नाही. चोरी केव्हाच जिरून गेलेली असते व गोष्ट तेवढी उरते. आमच्याकडील प्रकरण असे सोपे नाही. ते कसे आहे हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

१८६३ च्या सुमारास पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकास होती. गोवंडे हे जोतीराव फुले यांचे स्नेही. त्यामुळे जोतीरावांस ही हकीकत जवळून ठाऊक होती, आणि १८८४ च्या डिसेंबरात बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी सरकारास पाठविलेल्या पत्रात त्यांनी ती सांगितली आहे. एका शास्त्रीबुवाने या बाईस मोहात पाडिले. तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय झाले, ते लागू पडले नाहीत. मुलगा झाला. बाईने सुरीने त्याचा गळा कापिला आणि ते प्रेत परसातील विहिरीत टाकिले. प्रेत सापडले, ती पकडली गेली, पुण्याच्या न्यायालयात खटला चालला, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पत्रात तिची कथा येथे संपते. शास्त्रीबुवा या कथेत नावाशिवाय येतो आणि नावाशिवाय जातो.

हा निकाल लागला तेव्हा इंडियन पिनल कोड अमलात येऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. त्या कायद्याप्रमाणे खुनास दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्माचे काळे पाणी. ज्या बाईने मेलेल्या अर्भकाचा देह गुपचूप पुरला तिला अधिकांत अधिक दोन वर्षे. जिने जिवंत अर्भक रस्त्यावर सोडले तिला सात. जिच्या हातून ते मेले तिला जन्म. न्यायाधीशापुढे येणाऱ्या किती विधवांच्या आयुष्याचा निवाडा मूल रडले होते की नाही एवढ्या एका साक्षीवर झाला असेल, याची कल्पना करवत नाही. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस असल्याच आरोपावरून फाशी सांगण्यात आली. मुंबईच्या हायकोर्टाने ती काळ्या पाण्यावर आणिली, व पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जो शिव्याशापांचा वर्षाव झाला त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. म्हणजे विजयालक्ष्मीच्या बाजूने बोलण्यास निदान एक बाई उभी राहिली. काशीबाईच्या वेळी तशी कोणी नव्हती.

कोणी नव्हते असे म्हटले, पण ते अर्धेच खरे आहे. काशीबाईच्या प्रकरणाने जोतीराव व सावित्रीबाई यांच्या मनास असा चटका बसला की त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले. अशा विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी जाहिरात त्यांनी पुण्यात लाविली. १८८४ पर्यंत तेथे पस्तीस विधवा येऊन गेल्याचे जोतीराव लिहितात. १८७४ च्या सुमारास जी एक आली तिचेही नाव काशीबाईच होते. तिच्या मुलास या दांपत्याने दत्तक घेतले, तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करिता करिता सावित्रीबाईंनी देह ठेविला तेव्हा तो हयात होता. जुन्या लेखांत व भाषणांत या दोघी काशीबाई पुष्कळदा एकीत एक मिसळून जातात. शोधकाने असे होऊ देऊ नये हे तर खरेच. पण आम्हांस त्या दोघी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. शहर एक, जात एक, नाव एक, संकट एक. मध्ये अकरा वर्षे गेली होती, आणि एक दार उघडले गेले होते. पहिलीच्या मुलास विहीर मिळाली. दुसरीच्या मुलास जोतीरावांच्या मृत्युपत्रात वारसाचे स्थान मिळाले. पहिली काशीबाई विशेष क्रूर होती व दुसरी विशेष सुशील होती, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल?

आता शोधाकडे वळू. मुंबई इलाख्यातून कैदी समुद्रापार पाठविण्याची रीत अंदमानाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मॉरिशस, पिनांग, सिंगापूर येथे जात, व स्त्रिया त्यांत फारच थोड्या असत. अंदमानची वसाहत १८५७ च्या उठावानंतरची. १० मार्च १८५८ या दिवशी डॉक्टर वॉकर याने दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरच्या बंदरात पाऊल ठेविले. २०२४ मध्ये त्या गावाचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे. जुने कागद शोधणाऱ्याने मात्र जुनेच नाव लक्षात ठेवावे. ज्या सेल्युलर तुरुंगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते तो १९०६ मध्ये पुरा झाला, आणि बायकांचा तुरुंग त्याहून निराळा, साउथ पॉइंट येथे होता. सेल्युलर तुरुंगाच्या कोठड्यांतून आजी-पणजीचे नाव शोधू जाणारा रिकाम्या हाती परत येईल.

सरकारच्या पद्धतीत एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. कुळाच्या वहीत स्त्री कोणाची तरी मातोश्री किंवा कोणाचे तरी कुटुंब म्हणून येते. कैद्यांच्या दप्तरात ती स्वतःच्या नावाने येते. बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गुन्हा, शिक्षेची तारीख, सारे तपशीलवार. डाव्या गालावरील व्रणाची नोंद तिच्या सासरच्याने कधी केली नसती. ती तुरुंगाच्या कारकुनाने केली. यावरून कोणी सरकारचे उपकार मानू नयेत. कारकून त्या बाईस ओळखू पाहत होता तो ती पळाल्यास पुन्हा धरता यावी म्हणून. पण हेतू काही असो, ज्या नावावर घराने पाणी सोडले ते नाव परक्याने टिपून ठेविले, आणि आज वंशजास आपल्याच घरची बाई शोधण्याकरिता त्या परक्याच्या दप्तरापुढे उभे राहावे लागते.

त्या बेटावरील स्त्रियांच्या आयुष्याचे नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे ठरलेले होते: घरकामास परवानगीने ठेविलेली किंवा लग्न करून पतीजवळ राहणारी सोडून प्रत्येक स्त्रीने तुरुंगातच राहावे, पाच वर्षे झाली म्हणजे तिला लग्नाची मुभा मिळावी, लग्न केल्यास, पतीचीही मुदत भरली असता, पंधरा वर्षांनी दोघांनी बरोबरच बेट सोडावे, न केल्यास वीस वर्षे. पुरुषास आपल्या पायांवर उभे राहून शेती-धंदा करण्याचा परवाना मिळण्यास दहा वर्षे लागत, व तसा परवाना मिळालेल्या पुरुषाशीच हे लग्न व्हावयाचे. यातील विपर्यास वाचकांच्या लक्षात आलाच असेल. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली होऊनही पुण्यातील ब्राह्मण विधवेस लग्न हा शब्द उच्चारता येत नव्हता. त्याच विधवेने मूल मारिले म्हणजे तिला समुद्रापार नेऊन पाच वर्षांनी सरकारने लग्नास पात्र ठरवावे. जे लग्न आधी मिळते तर मूल जगते, ते मूल मेल्यावर शिक्षेचा एक भाग म्हणून मिळावे! मात्र यास सुटका म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एका बाजूस तुरुंगाची भिंत, दुसऱ्या बाजूस कोणी अनोळखी पुरुष. बायका थोड्या, पुरुष अफाट, आणि वसाहत शांत राहावी ही अधिकाऱ्यांची निकड. अशा निवडीस निवड म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे. पण त्या लग्नांतून घरे झाली, मुले झाली. आईची भाषा एक, बापाची दुसरी, जाती भिन्न, पुष्कळदा धर्मही भिन्न. घरात बोली मात्र हिंदुस्तानी. सरकारी भाषेत त्यांस ‘लोकल बॉर्न’ म्हणू लागले, आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटांवर नांदत आहेत.

येथे वंशज या शब्दाचाच अर्थ तपासून घ्यावा लागतो. काशीबाईसारख्या विधवेचे रक्त कोठे वाहत असेल तर ते बंगालच्या उपसागरात. पुण्यास किंवा नाशिकास नव्हे. येथे बसून तिचा शोध करणारा हा बहुधा तिच्या भावाचा पणतू किंवा दिराचा खापरपणतू असावयाचा. तेव्हा रक्ताच्या ओढीने मी शोध करितो असे त्याने म्हणू नये. तो शोधतो आहे ते आपल्या घराने टाकून दिलेले माणूस. आणि त्या टाकण्याशी त्याचा संबंध रक्ताहून निकटचा आहे, कारण ते टाकून जी अब्रू राखली ती त्याच्याकडे चालत आली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरच्या वडील मंडळींचा, आणि आम्ही तो क्षुल्लक मानीत नाही. ते म्हणतात, मेलेल्यांस विसावू द्या. या म्हणण्यात घराण्याची भीती असते हे खरे. पण त्याखाली एक गंभीर विचारही आहे, तो असा. त्या बाईने जे केले ते लपविण्याकरिता केले. लपविणे हाच त्या कृत्याचा सगळा हेतू. आपले नाव चार लोकांत येऊ नये याकरिता जिने पोटच्या गोळ्याचा जीव घेतला, तिचे नाव दीडशे वर्षांनी तिच्याच भावाच्या पणतूने चव्हाट्यावर आणावे यात तिच्यावर कोणती दया झाली? मृत मनुष्यास आपले गुपित राखण्याचा हक्क असतो की नाही? आम्हांस वाटते असतो, आणि केवळ कुतूहल भागविण्याकरिता, बैठकीत चुरचुरीत गोष्ट सांगण्याकरिता जो या कागदांची उचकापाचक करितो त्याने तो हक्क मोडिलेला असतो. परंतु ती लपवीत होती ती कोणापासून? अंदमानच्या अधिकाऱ्यापासून नव्हे. तिला तेथे लपविण्यासारखे काही उरलेच नव्हते. ती लपवीत होती घरापासून: सासऱ्यापासून, भावापासून, ओटीवर बसणाऱ्या पुरुषांपासून. गुपित तिचे होते, पण त्याची मागणी घराची होती. आज त्याच घराचा मनुष्य जर तिला म्हणत असेल की मला सर्व कळले आहे व तरीही तू आमची आहेस, तर गुपिताचे कारणच संपले. मात्र हे बोलणे घरात व्हावयाचे. घराबाहेर नाव छापावयाचे झाल्यास कारण सबळ पाहिजे. जोतीरावांनी काशीबाईचे नाव घटनेनंतर वीसेक वर्षांनी सरकारच्या कानी घातले, ते पुढच्या विधवांचा प्राण वाचावा म्हणून. तेवढे बळ ज्याच्या कारणात नाही त्याने आपली लेखणी आवरलेली बरी.

दुसरा आक्षेप आजच्या सुशिक्षितांचा, आणि तो अगदी उलट टोकाचा. ते म्हणतात, हिला अपराधी म्हणताच कशाला? अपराधी समाज, ही केवळ बळी. ऐकावयास हे उदार वाटते, आणि त्यातील पुष्कळसे आम्हांस मान्यही आहे. बालपणी लग्न, बालपणी वैधव्य, तीर्थावर केशवपन, जन्मभर एक वेळचे जेवण व दुसऱ्याच्या घरची चूल, आणि त्यात एखादा शास्त्रीबुवा. ज्याने ही रचना केली त्याने ती सुरीही तिच्या हाताजवळ आणून ठेविली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण सुरी हाताजवळ असणे आणि सुरी चालविणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात ते मूल होते. ते एकदा तरी रडले असेल. त्यास नाव ठेवण्याइतकाही अवधी मिळाला नाही. शास्त्राप्रमाणे एवढ्या अर्भकास दहन नाही, उदकदान नाही, श्राद्ध नाही. सरकारी दप्तरात ते केवळ गुन्ह्याचा विषय म्हणून येते. त्या घटनेत सर्वांत कमी जागा कोणास मिळाली असेल तर ती त्यास. पूर्वजेवरील प्रेमाच्या भरात वंशजाने त्यास दुसऱ्यांदा विहिरीत टाकू नये. शिवाय जिला आपण केवळ बळी म्हणतो तिच्यापासून आपण तिचे हातच काढून घेतो. जन्मभर दुसऱ्यांनीच तिच्याविषयी ठरविले. तिने स्वतः ठरवून केलेली, भयंकर का होईना, एक गोष्ट होती, तीही समाजाच्या खात्यावर मांडली म्हणजे तिचे असे काय उरते? तिने ते केले, असे म्हणावे, आणि ते म्हणूनही तिच्यापासून दूर होऊ नये. आम्हांस हे फार कठीण वाटते. पण आप्तपणा म्हणजे याहून निराळे काय असावयाचे?

तर मग तिच्या पापाचा वाटा वंशजाकडे येतो काय? आमच्या जुन्या धर्मशास्त्राने ऋणाच्या बाबतीत जो विचार केला आहे तो येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. बापाने मद्यपानाकरिता किंवा द्यूताकरिता काढलेले कर्ज मुलाने फेडू नये, असे स्मृतिकार म्हणतात. म्हणजे पूर्वजांचे दुर्वर्तन वारशाने येत नाही. पण कुटुंबाकरिता काढलेले कर्ज, मग ते कोणीही काढलेले असो, ज्यांनी कुटुंबाचा वारसा घेतला त्यांनी फेडलेच पाहिजे, हाही त्याच शास्त्राचा निर्बंध आहे. बापाचे कर्ज फेडण्याची पुत्राची ही धार्मिक जबाबदारी हिंदू वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरती काढून टाकिली. पण मनाच्या व्यवहारास तो दाखला अजून लागू पडतो. काशीबाईची सुरी ही तिची. तिचा हिशेब न्यायालयाने व तिच्या जन्माने पुरा केला. तिचे नाव पुसणे मात्र कुटुंबाचे होते, आणि ते कुटुंबाच्या लाभाकरिता झाले. ज्या नावलौकिकावर पुढे मुलींची स्थळे जमली, भिक्षुकीची घरे राहिली, नोकऱ्या लागल्या, तो या पुसण्याने विकत घेतलेला होता. बाबारावांसारख्यांच्या त्यागाचा अभिमान जो आपला म्हणून घेतो, त्यास या दुसऱ्या ऋणाची हुंडी पुढे आली असता ‘तेव्हा मी जन्मलोही नव्हतो’ असे सांगून परत करिता यावयाची नाही. अभिमान घेतानाही तो जन्मलेला नव्हता.

घराने जे केले ते शास्त्राला धरून केले, असे कोणी म्हणेल. आम्ही शास्त्र उघडून पाहिले. पतित मनुष्याचा त्याग कसा करावा याचा विधी मनूने सांगितला आहे: आप्तांनी गावाबाहेर सायंकाळी जमावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा, आणि तेथून पुढे त्याच्याशी बोलणे, बसणे, वाटणी देणे बंद. हाच घटस्फोट. स्त्री पतित झाली तरी विधी हाच. पण त्यापुढे लागलीच एक अट आहे: तिला अन्न, पाणी व वस्त्र द्यावे, आणि घराच्या जवळच राहू द्यावे. गर्भपातास व पतिवधास स्त्रीच्या विशेष पतनाची कारणे मानणारा याज्ञवल्क्यही तिला आसरा तोडावयास सांगत नाही. आमच्या लोकांनी घट लवंडण्याचे तेवढे लक्षात ठेविले, अन्नवस्त्राचे विसरले. आणि सरकारने बाईला समुद्रापार नेली तेव्हा घराजवळ खोपटे बांधून देण्याचा प्रश्नच मिटल्याबद्दल कित्येकांनी मनात सुटकेचा निःश्वासही टाकिला असेल.

नाशिकापासून काही कोसांवर त्र्यंबकेश्वर आहे. तेथे बारा महिने नारायण-नागबळी करणाऱ्यांची दाटी असते. संतती होत नाही, धंदा बसला, घरात आजार हटत नाही. पूर्वजांपैकी कोणी अतृप्त आहे, असे कोणी तरी सांगतो, आणि मंडळी दुरून येऊन तीन दिवस राहतात, खर्च करितात, कणकेचा नाग करून त्याचे दहन करितात. तो विधी श्रद्धेने करणाऱ्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण आम्हांस नेहमी वाटत आले आहे की, अतृप्त पूर्वज कोण हे न विचारताच तृप्त करण्याची ही उत्सुकता, आणि नाव सांगू लागले असता ‘तो विषय नको’ म्हणून कानांवर हात ठेवणे, या दोन गोष्टी एकाच घरात कशा नांदतात?

जन्मठेप काळे पाणी ही शिक्षा भारताच्या कायद्यातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली. १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी नुसती जन्मठेप आली. राज्याने आपले काळे पाणी बंद केले. घरांतील चालूच आहे, कारण ते बंद करणारे कलम विधिमंडळास करिता येत नाही. ज्यास ते करावेसे वाटते त्याला मोठे काही करावे लागत नाही. भाद्रपदात महालय करिताना पितरांची जी यादी म्हणतात ती बाप, आजा, पणजा यांच्याशी थांबत नाही. आई, आजी, पणजी येतात. चुलते, मामा, भाऊ येतात. आत्या, मावशी, बहीण येतात. सासरा, गुरू, शिष्य आणि अखेर आप्त म्हणून जो कोणी असेल तो. आत्येचा उच्चार एकटीचा नसतो. तिच्या पतीसह व तिच्या अपत्यांसह तो करावयाचा असतो. भावाच्या वंशातील मनुष्यास आपली हरवलेली बाई त्या ओळीत बसविण्यास कोणाची अनुज्ञा नको. उपाध्याय तिचे नाव विचारतील, ते दप्तरात आहे. गोत्र विचारतील; सासरने तिला टाकिले व माहेरचे लग्नातच गेले, तेव्हा गोत्र न कळल्यास काश्यप म्हणावे असा शास्त्रार्थ आहे, तो ते स्वतःच सांगतील. मग ‘अपत्यांसह’ हा शब्द येईल. उपाध्याय तो सवयीने एका दमात म्हणून पुढे मावशीकडे वळतील. यजमानाने मात्र तेथे त्यांस क्षणभर थांबण्यास सांगावे.